उत्तनच्या चर्चमधलं शीड

माझ्या बायकोच्या मावशीला जगातली कुठलीही वस्तू जिथे आहे तिथे असलेली पटत नाही. भाईंदरला आमच्याकडे आल्या की चहा उकळेपर्यंत आमचा फ्रीज खिडकीशी आणि टीव्ही फ्रीजच्या जागी गेलेला असतो. केबिन रोडवरच्या दातांच्या डॉक्टरकडे त्यांनी खिंकाळणाऱ्या घोड्याचं चित्र भिंतीवरून उतरवून कपाटामागे सारलं आणि "दाढ दुखणाऱ्याला एवढे दात दाखवू नयेत," असं डॉक्टरांनाच सुनावलं. आमच्या लग्नात त्या स्टेजवरची फुलं इतक्या अधिकाराने हलवत होत्या, की माझ्या काकांनी त्यांना डेकोरेटरची बाई समजून पंख्याची वायर लपवायला सांगितली. मावशींनी वायर लपवली आणि मग, शोभत नाहीत म्हणून, काकांना उठवून मागच्या रांगेत बसवलं.

निवृत्त झाल्यावर या हातांना कला सापडली. चित्रं नव्हे, जुने कपडे, दोर, पत्र्याचे डबे यांच्या अख्खी खोली भरेल अशा रचना त्या करू लागल्या. एकदा सुके बोंबील आणायला मी त्यांना स्कूटरवरून उत्तनला नेलं. ऊन लागलं म्हणून त्या जुन्या चर्चमध्ये शिरल्या आणि बोंबील विसरूनच बाहेर आल्या. "जावईबापू, आत केवढी रिकामी हवा पडून आहे!"

मग माझे सगळे रविवार उत्तनला गेले. फादर शांत गृहस्थ. ते म्हणाले, "मावशी, भिंती पोर्तुगीजांच्या वेळच्या आहेत. एक खिळा ठोकता येणार नाही."

"मला भिंत नकोच फादर. मधली हवा द्या."

फादर हसले आणि तिथेच मावशींच्या तावडीत सापडले. मावशी घरोघर हिंडल्या. समुद्रावर जाणाऱ्यांचे जुने सदरे मागितले, ते एकमेकांना शिवून भलंमोठं शीड केलं आणि दोन्ही बाजूंच्या सज्जांच्या कठड्यांना दोर बांधून ते चर्चच्या मधोमध टांगलं. बांधून झालं की सोडायच्या, एक वीत खाली घ्यायच्या, पुन्हा वर. शिडी धरून माझे हात भरून आले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मुंबईहून कलाक्षेत्रातले पाहुणे यायच्या बेतात असताना एक म्हातारी कोळीण आत आली. क्रुसाची खूण करून तिने वर पाहिलं.

"देवाच्या घरात या चिंध्या कशाला टांगल्यात?" मग एका निळ्या सदऱ्यावर तिचं बोट थांबलं. "तो माझ्या घोवाचा हाय. सुनेनं दिला असंल. मी दिला न्हाय. तो गेला, आता तेवढाच हाय."

फादर घाईने म्हणाले, "बाय, प्रदर्शन संपलं की देतील हां."

महिनोन्‌महिने शिवलेलं ते शीड. त्यातला टाका मी चुकून ओढला तरी मावशी ओरडायच्या. त्यांनी माझ्याकडून कात्री मागून घेतली, शिडीवर चढल्या आणि कडेकडेने कापून सदरा काढला. खाली येऊन नीट घडी घालून तिच्या हातात दिला. "चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

पाहुणे आले. एक दाढीवाले गृहस्थ त्या भोकाखाली बराच वेळ उभे राहून म्हणाले, "ही पोकळी फार बोलते."

"ती मी केलेली नाही," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच कुणाला काही समजावत बसल्या नाहीत.

प्रदर्शन उतरवलं त्या दिवशी सदरे ज्याचे त्याला परत द्यायला मावशी चर्चच्या पायरीवर शीड उसवत बसल्या होत्या. ती म्हातारी आली, शेजारी टेकली आणि न विचारता दुसऱ्या टोकाकडून उसवू लागली. थोड्या वेळाने मावशींनी विचारलं, "कसे होते हो ते?"

"तापट व्हता," म्हातारी म्हणाली. "पण गायचा लय."

समुद्रावरून वारा येत होता. दोघींच्या मांडीवरचे सदरे फुगत होते आणि त्या ते हाताने दाबून धरत होत्या. अजूनही उत्तनला गेलो की मी आत डोकावतो. मान आपोआप वर जाते. वर नुसतं लाकडी छत असतं.