फक्त फॅमिली

आईची तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी खालचे घरमालक काका कठड्याला धरत, कसाबसा जिना चढून वर आले. बसले, पंख्याकडे पाहिलं, आईच्या रिकाम्या पलंगाकडे पाहणं टाळलं. मला वाटलं, सांत्वन करतील.

"बघा ताई," ते म्हणाले, "आई होत्या तोवर ठीक होतं. आता तुम्ही एकट्या. आपलं घर फक्त फॅमिलीसाठी आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे. सकाळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, संध्याकाळी भाजी निवडत टीव्ही बघते. आणि काकांच्या त्या एका वाक्यात मी बॅचलर झाले. आई जिवंत असताना आम्ही दोघी म्हणजे फॅमिली होतो. ती एकटीच गेली, पण जाताना माझी फॅमिलीही घेऊन गेली.

"मे महिन्यापर्यंत राहा," काका उदारपणे म्हणाले. "तोवर मी पाटी लावतो."

आमचा लेआउट, म्हणजे वसाहत, नागपुरात नंदनवनच्या मागे आहे. ज्याने प्लॉट पाडले त्याने नावात समुद्र घातला. समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर आहे, आणि लेआउटमध्ये पाणी म्हणाल तर पावसाळ्यात नाल्याचं तेवढं. पण नाव भारी असलं की भाडं थोडं जास्त मागता येतं. तरी शहराच्या पश्चिमेपेक्षा इकडे स्वस्तच, म्हणून सगळे भाडेकरू इकडे. कोराडीच्या वीज प्लांटवरचे ठेकेदारी इंजिनियर, मौद्याच्या शिफ्टवाले, नर्सेस, बदलीवर आलेले बँकवाले, भंडारा-गोंदियाहून क्लाससाठी आलेली पोरं. मालक सगळे रिटायर. प्रत्येकाने फंडाच्या पैशात वरचा मजला चढवला, मुलासाठी. मुलगा शिकला आणि पुण्याला, हैदराबादला, नाहीतर विमानात बसून निघून गेला. मग त्या मजल्यावर आम्ही. खाली म्हातारे, वर उद्या जाणारे, असा आमचा मोहल्ला. लहान मूल रडलं तर लोक कौतुकाने खिडकीत येतात.

काकांचा मुलगा कॅनडात. मीच त्याच्या खोलीत झोपते. भिंतीवर त्याने कॉलेजात असताना चिकटवलेले क्रिकेटवाले होते, ते काढायचे नाहीत अशी अट होती. उन्हाळ्यात त्यांचे कोपरे आपोआप सुटून आले, त्याला मी काय करू?

आम्ही हे घर घ्यायला आलो तेव्हाची गोष्ट अजून डोळ्यासमोर आहे. काकांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं, हे ते नळाच्या बिलाविषयी बोलतानाही सांगत. म्हणजे बाहेरूनच आलेले, आमच्यासारखे. त्यांनी आईला विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"उमरेडच्या. घरी माग होता. आता नाही," आई म्हणाली. विणकराचं घर म्हटलं की सावजीचं झणझणीत मटण आलंच, त्यामुळे तिला पुढचा प्रश्न ठाऊक होता.

"मग तुमच्यात ते... सावजी..."

"आमच्यात मटण होते," आई म्हणाली. "तुमच्या घरात नाही शिजवणार. पण पोट माझं हाय, त्याले नियम लावू नका."

काकू आतून हसल्या आणि घर आम्हाला मिळालं. आईने शब्द पाळला. रविवारी आम्ही इतवारीत मावशीकडे जाऊन काळ्या मसाल्याचं चरचरीत खाऊन यायचो. परतताना आई पदराने तोंड पुसायची आणि जिन्याखाली चपला काढायची.

हा चपलांचाही नियम काकांचाच. वरच्या मजल्याला बाहेरून लोखंडी जिना आहे, आणि चपला जिन्याच्या खालीच काढायच्या. वर देवघराच्या डोक्यावरून चपला जाऊ नयेत म्हणून. म्हणजे मुलासाठी मजला बांधताना खाली देव कुठे आहे, हे गवंड्याला सांगायचं राहिलं आणि भोगायचं आमच्या तळपायांनी. मे महिन्यात दुपारी तो जिना काय असतो, ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको.

पाटी लागली. 'वरचा मजला भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिली. शुद्ध शाकाहारी.' मी घर शोधायला निघाले. पहिल्या ठिकाणी बाईने विचारलं, "मिस्टर?" मी म्हटलं, लग्न नाही केलं. "काहून?" तिने असं विचारलं, जणू मी तिच्याकडून काही घेऊन परत द्यायचं विसरले. दुसऱ्या ठिकाणी मालक म्हणाला, विधवा असता तर गोष्ट वेगळी होती. आता मी यासाठी नवरा कुठून आणू आणि त्याला मारू कधी? तिसऱ्याने लेडीज होस्टेल सुचवलं. तिथे गेले तर अठरा-एकोणीसच्या पोरी, आठ वाजता गेट बंद, आणि वॉर्डन माझ्यापेक्षा लहान. ती मला म्हणाली, "पालकांची सही लागेल."

रडू आलं. खोटं कशाला सांगू, होस्टेलच्या बाहेर स्कूटीवर बसून रडले. आईवर राग आला, जाताना तिला एवढीही अक्कल नव्हती की ही पोरगी उद्या राहील कुठे. मग रुमालाने तोंड पुसलं आणि ठरवलं, मी हलत नाही.

आमच्याकडे पद्धत अशी की घर बघायला लोक आले की ते आधीच्या भाडेकरूनेच दाखवायचं. काका-काकूंना सारखा जिना चढवत नाही. मी म्हटलं, दाखवते की. वेळ दुपारी दोनची देत असे. लॅबमधून मी तेव्हाच येते, यात खोटं काय? जिन्याखाली हात जोडून सांगायची, "चपला इथेच काढा, घरमालकांचा नियम आहे." मग माणसं तो जिना चढायची. सांगते, मी आयुष्यात एवढा नाच पाहिला नाही. एक बँकेतले साहेब तिसऱ्या पायरीवरून खाली उडी मारून गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांच्या बायकोने खालूनच विचारलं, "हवा कशी आहे?" मी म्हटलं, "गरम."

जे वर पोचायचे त्यांना मी सगळं खरं सांगायची. नळ पहाटे येतो आणि कधीकधी येत नाही. स्लॅब रात्रभर तापलेला राहतो. कूलरमध्ये पाणी बादलीने भरावं लागतं, वाळ्याच्या ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात, तरी हवा कोमटच येते. लोक माझे आभार मानून जात. काका खालून विचारायचे, "काय म्हणाले?" मी म्हणायची, "विचार करून सांगतो म्हणाले."

पण मे संपत आला. आणि शेवटच्या रविवारी काकांनी निरोप दिला की एक फारच चांगली फॅमिली येत आहे, नवरा-बायको आणि एक मुलगी. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, निघायचंच आहे तर आईचा शब्द मीच मोडते. सकाळीच जाऊन मटण आणलं. खसखस भाजली, खोबरं जाळलं, मसाला वाटला, आणि आईच्या पातेल्यात, मुलासाठी बांधलेल्या त्या स्वयंपाकघरात, सावजी रटरटायला ठेवलं. वास खिडकीतून बाहेर पडला आणि खाली देवघराकडे गेला असेल. मला अगदी बरं वाटलं.

दोन वाजता ते आले. नवरा मौद्याच्या प्लांटवर, बायको शाळेत, मुलगी पाच-सहा वर्षांची. चपला काढल्या आणि पळत वर आले. बायको हसत म्हणाली, "आम्ही चंद्रपूरचे. आमच्याकडे याच्यावर पोळ्या भाजतात." मी मनात म्हटलं, झालं. मग नवऱ्याने नाक वर केलं.

"सावजी?"

"हो."

"खसखशीचं," तो बायकोला म्हणाला, आणि दोघांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. पाटीवरचं शुद्ध शाकाहारी त्यांनी वाचलं होतं आणि तरी आले होते, म्हणजे माझ्यापेक्षा हुशार. पोरगी क्रिकेटवाल्यांकडे पाहत माझ्या पलंगावर बसली. नळ, स्लॅब, कूलर, सगळं सांगून झालं. ते मान डोलवत राहिले. बायको म्हणाली, खोली मोठी आहे, आवडली. माझं सामान मला बांधलेलं दिसायला लागलं.

तेवढ्यात नवऱ्याने विचारलं, "खाली कोण कोण राहते?"

"मालक आणि मालकीणबाई."

"मुलगा-सून?"

"मुलगा कॅनडात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोने पोरीचा हात धरून तिला पलंगावरून उतरवलं.

"नाही मॅडम, मग जमणार नाही," तो म्हणाला. बिचारा खरंच वाईट वाटून बोलत होता. "आधीच्या घरी अस्संच होतं. म्हातारे मालक, पोरगा बाहेर. कधीही दार वाजवायचे. दवाखान्यात मी, रिक्षा मी, डब्बा हिचा. शेवटी खांदाही मलेच द्यावा लागला, अन् पोरगा फोनवर रडून राहिला होता. आता आम्ही ठरवलं, मालक फॅमिलीवाला पाहिजे. एकट्या म्हाताऱ्यांचं घर नको."

जिंकले होते की मी. त्यांना सोडायला दाराशी आले आणि पाहिलं, तर काका जिन्याच्या वरून दुसऱ्या पायरीवर उभे. मटणाच्या वासाने भांडायला म्हणून चढले असणार, पाटी लावल्यापासून पहिल्यांदा. अनवाणी, आपल्याच नियमाने. ती तिघं "नमस्कार काका" म्हणत त्यांच्या बाजूने पळत खाली गेली. काका त्यांना वाट द्यायलाही सरकले नाहीत. मे महिन्याचं लोखंड पायाखाली, आणि माणूस नुसता कठड्याला धरून उभा.

"काका, पाय," मी म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं. मग मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं, आईच्या पलंगावर बसवलं आणि कूलरची बादली पुढे सरकवून त्यांचे पाय त्यात घातले. तळवे लालबुंद झाले होते. त्यांना शुगर आहे, त्यांचं रक्त मीच दर महिन्याला काढते, म्हणून माझा जीव वर-खाली झाला. आणि रागही आला. आधी त्यांचा, मग त्या चंद्रपूरवाल्यांचा, मग कॅनडाचा. कोणाकोणाचा राग करावा माणसाने?

काकांनी पाण्यात बोटं हलवली. मग म्हणाले, "काय शिजवलंय?"

"मटण."

"हं."

"काका," मी म्हटलं, कारण माझ्या तोंडाला कधी लगाम नव्हता, "तुम्ही दोघं आणि मी, तिघं मिळूनही आपली एक फॅमिली होत नाही. बाजारात आपल्याला कोणी विचारत नाही."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "काकूला सांगू नका," एवढंच म्हणाले. मटणाबद्दल की त्या माणसाच्या बोलण्याबद्दल, ते मी विचारलं नाही. मलम लावून, हाताला धरून खाली सोडून आले. या वेळी त्यांच्या पायात माझ्या चपला होत्या. देवाने काही केलं नाही.

पाटी कोणी काढली, मला माहीत नाही. आठवडाभराने माझ्या कूलरच्या पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवलेली दिसली, अक्षरं खालच्या बाजूला. राहा असं काका म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. जूनचं भाडं मुकाट घेतलं. जिन्याच्या खालच्या पायरीवर, चपला पुसून वर जायला, एक जुनं पायपुसणं आलं. मटणाचा विषय दोन्ही बाजूंनी निघाला नाही, मी परत शिजवलंही नाही. शब्द आईचा होता.

मग जुलैतली एक सकाळ. मी पोहे परतत होते आणि खालून वर येणारा पाण्याचा पाइप एकदम ठणठण वाजायला लागला. गॅस तसाच टाकून मी धावत खाली. काका खुर्चीत पेपर वाचत होते. काकू नळाशी उलथनं घेऊन उभ्या.

"काय झालं?"

"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "यांना फोन लावता येत नाही घाईत. म्हटलं, वाजवून बघू, ऐकू जातं का. आणि येतेस का."

मी अशी भडकले. म्हटलं, माझे पोहे जळाले, जीव अर्धा झाला, ही काय तऱ्हा झाली? काकू खाली मान घालून उलथनं पुसत राहिल्या. काका पेपरमागून बाहेर येईनात. मी वळले, दारापर्यंत गेले आणि थांबले. एवढ्या महिन्यांत विचारायचं राहिलं होतं ते निघालंच.

"आणि मी वरून वाजवला तर?"

काकांनी पेपर खाली ठेवला. जिन्याकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"मी येईन," ते म्हणाले. "वेळ लागेल चढायला. तेवढं थांब."