लिफ्टशेजारची तिरकी जागा

बॉनेटवर तळहाताच्या दोन थापा. पहिली हलकी, दुसरी जरा जोरात. म्हणजे बास, ब्रेक दाबा. आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य, "आरशात बघा. माझ्या तोंडाकडे बघून गाडी लागत नाही."

आमच्या हडपसरच्या सोसायटीतले हे काका. तुमच्याही सोसायटीत असे एक असणारच. कारखान्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळी इमारतीखाली उभे राहणारे, कोणी गाडी कशी लावली यावर न विचारता मत देणारे. एकदा पाहुण्यांची गाडी दोन जागा अडवून उभी होती. काकांनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "मुक्काम आहे का आपला? नाही, ऐसपैस लावलीत म्हणून म्हटलं."

माझं सगळं आयुष्य दुचाकीवर गेलं. आईच्या गुडघ्यांनी दगा दिला, तिला रिक्षात चढवेना, म्हणून केस पिकल्यावर मी गाडी घेतली. ड्रायव्हिंग स्कूलने ती चालवायला शिकवली. लावायची कशी, ते माझ्या नशिबावर सोडलं.

माझी जागा पार मागे, पाण्याच्या टाकीजवळ होती. तिथून लिफ्टपर्यंत येताना आई भिंत धरून थांबत थांबत यायची. लिफ्टला लागून एक जागा रिकामी होती. तिथे खांब जवळजवळ असल्यामुळे रेषा तिरक्या मारल्या होत्या. ज्याच्या घरात वृद्ध माणूस आहे त्याला ती द्यायची, पण खांबाला धक्का न लावता गाडी लावता आली पाहिजे, असं कमिटीचं म्हणणं होतं. निर्णय वार्षिक सभेत होणार होता.

"जागा आपल्या आईंचीच," काका म्हणाले. "शिकवतो मी. संध्याकाळी खाली या."

मग रोज सुरू झालं. आधी उजवीकडे लांब घ्यायचं, रेषेचं टोक डाव्या आरशाखाली आलं की स्टिअरिंग पूर्ण वळवायचं. सांगायला एवढंच. मी मात्र कधी लवकर वळायचो, कधी वळायचं विसरून लिफ्टच्या पुढे निघून जायचो. "कुठे, सोलापूरला का?" काका शांतपणे विचारायचे. मी स्टिअरिंग घट्ट आवळून धरलेलं दिसलं की म्हणायचे, "सोडा जरा. पळून नाही जात ते."

आई वरून त्यांच्यासाठी डब्यातून काही ना काही पाठवायची. थालीपीठ, नाहीतर लाडू. काका खांबाला टेकून खायचे आणि तोंडात घास असतानाच मला मागे घ्यायला लावायचे. वडील गेल्यानंतर मला कोणी इतकं मनापासून रागावलं नव्हतं. खरं सांगतो, मला ते आवडत होतं.

एका संध्याकाळी मी लवकर वळलो आणि आई बसते तिकडचं, डावं मागचं दार खांबाला घासलं. खांबावर लाल रंगाचा पट्टा उमटला. काका घरी जाऊन थिनर आणि फडकं घेऊन आले आणि खाली बसून त्यांनी खांब स्वच्छ पुसला. उठताना त्यांना गुडघ्यावर हात ठेवावा लागला. "झालं ते झालं," ते म्हणाले. "हे आपल्या दोघांत."

त्यानंतर खांबाला कधीही धक्का लागला नाही. सभेच्या आदल्या आठवड्यात गाडी रोज एका दमात बसत होती. शेवटच्या दिवशी काकांनी थापा मारल्याच नाहीत, नुसती मान हलवली.

सभा रविवारी गच्चीवर होती. आई पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. लिफ्टशेजारच्या जागेचा विषय निघाला, मी अर्ज दिलाच होता. सेक्रेटरींनी विचारलं, "आणखी कोणी?"

काका उभे राहिले. म्हणाले, "मीही ज्येष्ठ नागरिक आहे. मुलाने मोठी गाडी घेतली आहे, ती इथेच राहील. आणि कमिटीची अट खांबाची आहे. या गृहस्थांनी तो घासलेला आहे. मीच शिकवतोय त्यांना, मला माहीत आहे."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते समोर सेक्रेटरींकडे बघत होते. "कुठे घासलाय, दाखवा," असं मी म्हणू शकलो असतो. खांब त्यांनीच लख्ख पुसला होता. पण सेक्रेटरींनी मला विचारलं, "खरं आहे का?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. जागा काकांना मिळाली. आई विषय संपेपर्यंत पदर सारखा करत राहिली.

खाली जाताना लिफ्टमध्ये काका आमच्याबरोबरच होते. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "खोटं तर नाही ना बोललो मी?"

नव्हतेच बोलले. तेच मला आजही गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा डबा परत आला. घासून पुसून, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून आत साखर घातलेला. आईने झाकण उघडून पाहिलं आणि ती साखर कुंडीत मुंग्यांना घातली. "माणूस रीतीभातीचा आहे," एवढंच म्हणाली. पुन्हा तिने त्यांचं नाव काढलं नाही.

मुलाची ती अवाढव्य गाडी त्या तिरक्या रेषांत कधी नीट बसलीच नाही. काका खांबापाशी उभे राहून "आरशात बघ" म्हणायचे आणि मुलगा काचा वर करून घ्यायचा. मला बरं वाटायचं, हे लपवत नाही. पुढे मुलाने वाघोलीला मोठा फ्लॅट घेतला आणि काका तिकडे गेले. जाताना निरोप घ्यायला आले होते. मी दार उघडलं नाही.

पुढच्या सभेत लिफ्टशेजारची जागा कोणी हरकत न घेता मला मिळाली. तोवर आईचं पलंगावरून उठणं बंद झालं होतं. डॉक्टर घरी यायला लागले होते.

मी ती जागा घेतली. रेषेचं टोक आरशाखाली येतं, हात आपोआप फिरतो, गाडी एका दमात आत बसते. इतकी नीट की चीड येते, कारण हे हात त्यांनीच वळवलेले आहेत. थापांची वाट बघत मी क्षणभर थांबतो. मग उतरून, सवयीने, डावं मागचं दार उघडतो. सीट रिकामी असते.