बाबांशेजारची जागा

बिशपांवर संशय घेणं ही आमच्या घरातली जुनी रीत. कोल्हापुरात पूर्वी दोन मिशनं होती. एकात बिशप, दुसऱ्यात मंडळीने निवडलेले वडीलजन. आम्ही दुसऱ्यातले. पुढे मंडळ्या एक झाल्या, धर्मप्रांत झाला, वर बिशप आले आणि कबरस्तानातल्या जागेलासुद्धा अर्ज, कमिटीचा ठराव, मग बिशपांच्या ऑफिसचा शिक्का लागू लागला. "आता मरायला बी बिशपची सही," असं बाबा शेवटपर्यंत कुरकुरत राहिले.

परवा चुलतभावाने मला पुण्याला फोन करून सांगितलं, "काकांच्या शेजारी नवी कबर दिसतीया." माझं डोकंच फिरलं. ती जागा आईसाठी राखलेली. ठराव, शिक्का, सगळं झालेलं. कमिटीतल्या कुणीतरी ती आपल्या माणसाच्या घशात घातली, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला उतरून थेट चर्चच्या ऑफिसात गेले. "सलाम ताई, बसा की, च्या घ्या," सेक्रेटरी म्हणाले. एवढी गोडी म्हणजे पाणी नक्की कुठेतरी मुरतंय. चहाला हात न लावता मी कागद मागितले. त्यांनी फाईल पुढे केली. जागा सोडत असल्याचा अर्ज होता आणि खाली आईची सही. ती मी खिडकीपाशी नेऊन दोनदा पाहिली. मग वाटलं, म्हातारीला फसवून घेतली असणार.

घरी आई मेथी निवडत होती. "सही कुणी करायला लावली तुला?"

"कोन लावतंय? माझी मी केली."

जागा तिने नुकत्याच वारलेल्या बायबलबाईंना दिली होती. मिशन पाठवेल तिथे, आजरा, गगनबावडा, जयसिंगपूर, घरोघरी बायकांना वचन वाचून दाखवत त्यांनी जन्म काढला. मागे कुणी नाही.

"हितं जागाच उरली न्हाय. गावाबाहेरच्या नव्या कबरस्तानात नेनार व्हते तिला," आई म्हणाली. "तितं एकटीला कुटं टाकायचं?"

"आणि तू? बाबांना सोडून तू जाणार का तिथे?" मी ओरडलेच.

"मला कुटंबी ठेव. पर तवा तरी येळंवर ये."

बाबांच्या वेळी मी पोहोचले, तेव्हा माती देऊन लोक घरी परतले होते.