एका गालाला मॅट, एका गालाला ओलसर

केजला माझं छोटं पार्लर होतं. एका मे महिन्यात ऊसतोडीवरून परतलेली एक मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी आली. तिची त्वचा उन्हानं कोरडी पडली होती, पण घामाच्या भीतीनं तिला मॅट, म्हणजे चमक न येणारं कोरडं फाउंडेशनच हवं होतं. मी एका गालाला मॅट लावलं, दुसऱ्याला ओलसर चकाकीचं, आणि उन्हाच्या झळेत कुठलं टिकतं ते बघायला तिला दाराशी बसवलं. गरम वाऱ्यानं पडदा हलत राहिला, आम्ही दोघी पेंगुळलो. जाग आली तेव्हा मॅट गालावर बारीक भेगा दिसत होत्या. आरशात दुसऱ्या गालाकडे बघत ती हळूच म्हणाली, “ताई, ही बाजू लई दिवसांनी झोपून उठल्यावानी दिसती.”

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, मांडवात, तिचा सगळा चेहरा तसाच विसावलेला होता.