लाईटहाऊसला गेलेली जीप

सासरचे किस्से लोणच्यासारखे. बरणीत घालताना मूठभर, चार दिवसांनी बघावं तर खार वर आलेला! रत्नागिरीच्या लाईटहाऊसची एकच सहल, पण माझी बरणी भरली.

*

कोल्हापुरातून भाड्याची जीप केलेली. पुढं ड्रायव्हरशेजारी आमचे हे आणि सासूबाई, मधी नणंद, मागं मी, नणंदेचा चिंट्या आणि माझी चार वर्षांची परी. गाडी कुठंही थांबून निघाली की मी ओरडायची, "थांबा! पोरं बघू द्या!" आंबा घाटात चिंट्या खरंच माकडामागं गेलेला. मी ओरडले म्हणून घावला. शाबासकी? नणंद म्हणाली, "वैनी, तुझा भोंगा बंद कर की! माकडं पळाली!"

*

लाईटहाऊसपाशी ह्यांनी सेल्फीसाठी परीला कठड्यावर बसवलं. खाली नुसता समुद्र! मी झडप घालून तिला ओढलं. ह्यांनी मोबाईल बघितला.

"तुझा हात मधी आला. फोटो वाया!"

*

तिथला वॉचमन सांगत होता, "हा टॉवर नव्हता तेव्हा गावातल्या बायका इथे रात्रभर जाळ करून बसायच्या म्हणतात. घरची माणसं समुद्रात असायची ना."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "बघ, कसल्या धीराच्या! तुझ्यागत भित्र्या न्हवत्या."

वॉचमन म्हणाला, "भीती वाटायची म्हणूनच जाळ करायच्या, आजी!"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं. सासूबाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही आमच्या सुनंच्या माहेरचं काय ओ?"

*

सारखी मान फिरवून पोरं बघते म्हणून तिथंच माझं नाव पडलं. नणंद म्हणाली, "आमचं लाईटहाऊस!" सगळी खदाखदा हसली. परीपण हसली. तेवढं लागलं.

*

परतताना मलकापूरला चहाला थांबलो. झोपलेली परी ह्यांच्या मांडीवर दिली आणि मी हॉटेलच्या मागं बाथरूमला गेले. बाहेर येऊन बघते तर जीप नाही! मोबाईल जीपमधल्या पिशवीत. चहावाल्यानं विचारलं, "कुणाची वाट बघताय, ताई?"

"घरच्यांची."

बऱ्याच वेळानं जीप परत आली. परी जागी होऊन 'आई' म्हणाली, तेव्हा ह्यांना कळलं होतं. रडून रडून लाल झालेली. तिला घट्ट धरून मी म्हटलं, "निघताना एकदा मागं बघायचं तरी!"

हे वैतागले. "ड्रायव्हरनं विचारलं की, सगळी बसली का म्हणून! तू ओरडली न्हाईस. आम्हाला वाटलं, सगळी हाईत!"