एकोणीस सेकंदांचा फोन

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचे ते फक्त चुका काढायला. ‘अचानक लाईट गेली’ — अहो, लोडशेडिंग असेल! ‘मागं कुणीतरी उभं होतं’ — मग वळून बघायचं ना! असल्या कमेंट टाकून दोनदा अ‍ॅडमिनची बोलणी खाल्लीत मी. स्वभावच संशयी आहे माझा. भाजीवाल्यानं एक टोमॅटो जास्त टाकला तरी मी पिशवी उलटी करून बघते. त्यामुळं आज मीच इथं लिहायला बसलेय याची मला खरं तर लाज वाटतेय. पण सात महिने झाले, डोक्यातनं जात नाही. आता ज्याला हसायचं त्यानं हसावं.

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे, घर सिडकोत. घरात चौघं. बाबा जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही. गंगापूरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि रिटायर झाल्यावर आमच्याकडं राहायला आली. बाहेर शिकायला जायचं वेड मला तिनंच लावलं. अ‍ॅडमिशनसाठी लिहिलेला माझा निबंध तिनं लाल पेनानं इतका रंगवला होता की मी रडले होते.

गेल्याच्या गेल्या वर्षी मला आयर्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत फूड सायन्सला अ‍ॅडमिशन मिळाली. निघायला तीन आठवडे राहिले आणि आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, पण तोंडातून फक्त ‘बा... बा...’ एवढंच येतं. त्या परिस्थितीत जाणं शक्यच नव्हतं. मी अ‍ॅडमिशन एक वर्ष पुढं ढकलली. युनिव्हर्सिटीनं स्पष्ट लिहून दिलं — पुन्हा पुढं ढकलता येणार नाही. म्हणजे पुढच्या वर्षी ठरलेल्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत तिथं हजर राहून सही केली नाही, तर सगळं संपलं.

आणि त्या वर्षी तर गोंधळच गोंधळ! व्हिसा झाल्याचा मेल आला, पण पासपोर्ट गायब. कुरिअरच्या साईटवर ‘डिलिव्हर्ड’. कुणाला दिला, कुणी घेतला, काही पत्ता नाही. मी कुरिअरवाल्यावर संशय घेतला, शेजारच्या काकूंवर घेतला, आमच्या पेपरवाल्यावरसुद्धा घेतला. शेवटी सोमवारी दुपारी तो समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीवर सापडला! शुक्रवारी हजर व्हायचंय आणि सोमवारी पासपोर्ट हातात. बॅगा भरायच्या, मेडिकलचे कागद, औरंगपुऱ्यात जाऊन झेरॉक्स... माझं डोकं फिरलं होतं.

बाबा म्हणाले, “तिकीट मी काढतो. आयुष्यभर फॉर्मच भरलेत मी.” हॉलमध्ये आत्याच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले. मोबाईल हातभर लांब धरायचा आणि एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप करायचं — ऑफिसातली जुनी सवय. “वैजापूरकर... मैथिली... श्रीकांत... झालं! बुधवार, संध्याकाळी साडेपाच, मुंबईहून.” मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि बॅगेची चेन ओढली. तिकीट उघडून बघितलंसुद्धा नाही. मी! टोमॅटो मोजणारी मी!

बुधवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. गाडी गल्लीतल्या शफीकभाईंची. बाबा पुढं, मी मागं बॅगांमध्ये कोंबलेली. आई आत्याजवळ थांबली. मी कागद तिसऱ्यांदा तपासत होते तेव्हा शफीकभाई आरशातून बघून म्हणाले, “टेन्शन नक्को लेव बेटा, तीन बजे के अंदर एअरपोर्ट पे छोडतूं.”

समृद्धी महामार्गावर सात वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. स्क्रीनवर ‘आई’. मला वाटलं काहीतरी विसरलं घरी. उचलला.

“ठमे.”

इथं थोडं सांगावं लागेल. माझं पत्रिकेतलं नाव ठमा. हस्त नक्षत्र, चौथं चरण, म्हणून ठ. बारशाला पाळण्यात वाकून आत्यानंच ते माझ्या कानात सांगितलं होतं. मग कुर्रर्र करून सगळ्यांना मैथिली सांगितलं. शाळेत असताना मी घरात सगळ्यांना शपथ घातली होती की हे नाव बाहेर कळलं तर मी जेवणार नाही. आई-बाबा तर ते विसरूनच गेले. एकटी आत्या मला ठमे म्हणायची, तेही आम्ही दोघीच असलो की, चिडवायला.

“ठमे, तिकिटावर आडनाव बघ. लास्ट नेम बघ. तुझ्या बापानं घोळ घातलाय.”

आत्याचा आवाज. आजारपणाआधीचा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी “कोण? आत्या?” असं ओरडलेसुद्धा, पण पलीकडून नुसता श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला.

तुम्हाला खोटं वाटेल, त्याच वेळी बाहेर हिरवी पाटी गेली — वैजापूर. म्हणजे आमचं आडनावच! ‘आडनाव बघ’ म्हणजे पाटी बघ, असं कुणीतरी चेष्टा करतंय असं मला क्षणभर वाटलं आणि मी चक्क हसले. मग ‘तिकिटावर’ हा शब्द आठवला. बाबांच्या हातातून मोबाईल ओढून मी तिकीट उघडलं.

फर्स्ट नेम: वैजापूरकर मैथिली. लास्ट नेम: श्रीकांत.

“बाबा! हे काय केलंत?”

“काय झालं? बरोबरच आहे की. लास्ट नेम म्हणजे शेवटचं नाव. शेवटी काय येतं? श्रीकांत.”

“अहो, लास्ट नेम म्हणजे आडनाव!”

“आडनाव कसं लास्ट असेल? आडनाव पहिलं येतं! तुझं दहावीचं मार्कशीट काढ. वैजापूरकर मैथिली श्रीकांत. चाळीस वर्षं मी असंच लिहीत आलोय!”

आपल्याकडं प्रत्येक फॉर्मवर ‘आडनाव प्रथम’ असंच छापलेलं असतं. बाबांचं त्यांच्या परीनं बरोबरच होतं. पण पासपोर्टवर आडनाव वैजापूरकर आणि तिकिटावर श्रीकांत, म्हणजे काउंटरवर मला उभंसुद्धा करणार नाहीत.

मी हेल्पलाईन लावली. आधी बासरी, मग जाहिरात, मग पुन्हा बासरी. दोनदा रेंज गेली, दोनदा पहिल्यापासून. शेवटी शफीकभाईंनी एका पंपावर गाडी उभी केली. “यहाँ डंडे पूरे हैं, बोलो आरामसे.” पावणेनऊला एक माणूस बोलला. नाव पासपोर्टशी जुळत नसेल तर विमानात बसता येणार नाही, म्हणाला, आणि दुरुस्ती उड्डाणाच्या आठ तास आधीपर्यंतच होते. त्यानंतर काही नाही, दुसरं तिकीट. शुक्रवारच्या आत पोचवणारं दुसरं विमान मी तिथंच मोबाईलवर शोधलं, एकातही जागा नव्हती. आठ तास आधी म्हणजे साडेनऊ. पासपोर्टचा फोटो पाठवला, अर्ज पाठवला. नऊ वाजून अठरा मिनिटांनी दुरुस्त तिकीट आलं. बाबा पंपाच्या कठड्यावर बसले होते. “माझ्या टेबलावरून एक फॉर्म कधी परत आला नव्हता गं,” एवढंच म्हणाले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. मला त्यांचा राग आला होता, तो तिथंच गेला.

मग मी आईला फोन केला.

“मी? मी कुठं फोन केला तुला? सव्वासातला मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. फोन चार्जिंगला होता, अक्कांच्या खाटेजवळ.” आई आत्याला अक्का म्हणते.

“घरात दुसरं कोण होतं?”

“कोण असणार? कामवाली नऊला येते. कडी आतून होती.”

मी काय सोडते होय! तिच्याकडून कॉल लिस्टचा फोटो मागवला. सात वाजून बारा मिनिटं, मला केलेला कॉल, एकोणीस सेकंद. माझ्या फोनवरही तेच. मग मी आईवरच संशय घेतला. “तू आत्याचा आवाज काढलास का? ठमे म्हणून दाखव बरं.” तिनं मला जे काय सुनावलं ते इथं लिहीत नाही. मग पुण्याचा माझा मामेभाऊ. तो एआय-बीआय करतो, आत्याचे जुने व्हॉइस मेसेज फॅमिली ग्रुपवर पडलेले आहेत, त्यावरून आवाज बनवता येतो हे मला ठाऊक आहे. पण तिकीट त्यानं पाहिलेलं नाही, ठमे हे नाव त्याला माहीत नाही, आणि फोन गेलाय तो आईच्या हँडसेटवरून, बंद घरातून.

आत्याचा डावा हात चालतो. आईच्या फोनला लॉक नाही. बाबांनी तिच्या कानाशी बसूनच नाव टाईप केलं होतं आणि तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला लास्ट नेम कळणारच. तिथपर्यंत सगळं जुळतं. पण बोललं कोण? मी मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असे पेशंट कधी एखादी शिवी देतात, देवाचं नाव घेतात, क्वचित एखादा जुना शब्द. तीन-चार वाक्यं, तीही अशी मुद्द्याची? “तुम्हाला भास झाला असेल,” म्हणाले. बरं, भास झाला. मग तिकिटावरची चूक कुणाच्या भासाला दिसली?

मी वेळेत पोचले. शुक्रवारी साडेतीनला सही केली. काउंटर चारला बंद झालं.

तुम्ही विचाराल, आत्यालाच का विचारत नाहीस? ती मान हलवून हो-नाही सांगते. सगळ्या जगाची उलटतपासणी घेतलीस, मग तिची का नाही?

एक गोष्ट मी आत्तापर्यंत लिहायची टाळली. सोमवारी बाबांनी तिकीट काढल्यापासून आत्या डावा हात खाटेवर आपटायला लागली होती. ठक ठक ठक. ‘बा... बा...’ आम्ही उशी बदलली, पाणी दिलं, भांडं दिलं. आई म्हणाली, पोरगी चालली म्हणून जीव तुटतोय त्यांचा. मंगळवारी दिवसभर तेच. संध्याकाळी माझं डोकं फुटायची वेळ आली होती, बॅगेचं वजन बसत नव्हतं. मी खाटेजवळ गेले आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “एक वर्ष खाल्लंस माझं. आता तरी सुखानं जाऊ दे.”

तिचा हात थांबला. नंतर तिनं एकदाही आपटला नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. लिहितानासुद्धा रडू येतंय मला.

तिनं ‘नाही’ म्हणून मान हलवली तर मग फोनवर कोण होतं, ते मला कधीच कळणार नाही. आणि ‘हो’ म्हणाली तर... माझं ते वाक्य ऐकल्यावर, अंगात उरलेलं होतं-नव्हतं ते सगळं गोळा करून तिनं मला फोन केला. त्यानंतर आजपर्यंत तिच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही.

दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आई फोन तिच्यासमोर धरते. गेल्या रविवारी मी ठरवूनच बसले होते. आई चहा टाकायला आत गेली, फोन उशीला टेकवलेला, आम्ही दोघीच. आत्या माझ्याकडं टक लावून बघत होती, मी काहीतरी विचारणार हे तिला कळलं असावं. मी तोंड उघडलं.

“आत्या... जेवलीस का गं?”

तिनं मान हलवली. हो.