रिकाम्या पेटीतल्या रेषा

बोदवडच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या नानांना काही विचारलं, की ते आधी ॲप्रनला हात पुसतात, मग बोलतात. भांडणातसुद्धा. त्यामुळे त्यांच्याशी भांडण कधी टिकत नाही.

जिल्ह्यात अणुप्रकल्प येणार अशी बातमी पसरली, तेव्हा मी पत्रक लिहिलं: 'आमच्या हवेत किरणोत्साराचा एक कणही नाही, आणि येऊ देणार नाही!' नानांनी ते वाचलं आणि मला एका काचेच्या पेटीसमोर बसवलं. पेटीखाली कोरडा बर्फ, आत स्पिरिटचं धुकं. त्यांनी बाजूने बॅटरी मारली. धुक्यात कापसाच्या तंतूंसारख्या पांढऱ्या रेषा उमटू लागल्या आणि लगेच विरू लागल्या.

"आत काय ठेवलंय, नाना?"

"काहीच नही. ही आपलीच हवा शे, भाऊ. कण जातो तिथं रेघ उठते. आभाळातून येतात, मातीतून येतात, पहिल्यापासून."

"म्हणजे पत्रक फाडू?"

"फाडता कशाला? खोटं तेवढं काढा. नाहीतर उद्या सभेत प्रकल्पाचे साहेब त्या एका वाक्यावरच तुम्हाला गप्प बसवतील."

मग ते घड्याळ धरून बसले आणि मी रेषा मोजल्या. एका पुसट रेषेवरून आमचं जुंपलं. शेवटी ती सोडून दिली. मी नवं वाक्य लिहिलं: 'आज आमच्या पेटीत मिनिटाला बावीस रेषा दिसतात. प्रकल्पानंतर वाढल्या, तर जाब तुम्हाला द्यावा लागेल.'

नानांनी ते दोनदा वाचलं. आजवर ते कुठल्याच सभेला आले नव्हते.

"छापा," ते म्हणाले, "आणि साहेबांच्या टेबलावर जागा ठेवा. पेटी घेऊन मी येतोय."